विलायती झारेकरी

तार लिहून तयार होती. मजकूर बार्लो साहेबांचा, अक्षर माझं. 'कलर मिळाला. माग घाटापाशी संपतो. रीफ जवळच असावी. लीजची तयारी करा.' साहेबांनी कागद उजेडाकडे धरून दोनदा वाचला आणि सायकलवाल्याला नंदुरबारला पाठवायला सांगितलं. आमच्या कॅम्पला जवळचं तार-ऑफिस तेच.

सायकलवाला निघाला आणि चहा निवायच्या आत परत आला. कॅम्पमधून बाहेर पडायची वाट अरुंद, दोन्ही अंगांना बाभळी. त्या वाटेत दोन गाढवं आडवी उभी होती आणि गाढवांच्या मधोमध एक माणूस मांडी घालून बसला होता. साहेबांशी बोलल्याशिवाय तो उठणार नव्हता.

असली कामं माझ्याकडेच येत. मी कॅम्पचा स्टोअरकीपर, क्लार्क आणि दुभाषी. दक्षिणेतल्या सोन्याच्या खाणींवर माझी निम्मी नोकरी झाली, पण खाणीच्या आत मी फारसा उतरलो नाही. तंबू, दोर, पहारी, पारा, पीठ, रॉकेल, हजेरी हे माझं खातं. सोनं काढणाऱ्याला सोनं सोडून बाकी सगळं लागतं, आणि ते सगळं माझ्या यादीत असतं.

त्या वर्षांत सोन्याचा भाव चढला होता. मुंबईच्या काही व्यापाऱ्यांनी मिळून एक सिंडिकेट काढलं. तापीच्या वाळूतलं बारीक सोनं अधूनमधून मुंबईच्या बाजारात येतं, असं त्यांना तिथल्याच एका सराफी पेढीकडून कळलं होतं. तेवढ्यावर त्यांनी बार्लो साहेबांना नेमलं, साहेबांनी मला नेमलं, आणि पावसाळा सरल्यावर आम्ही पश्चिम खानदेशात, तापीकाठच्या प्रकाशा गावच्या संगमाखाली तंबू ठोकले.

बार्लो साहेब प्रॉस्पेक्टर होते. प्रॉस्पेक्टर म्हणजे खाण सुरू व्हायच्या आधी सोन्याचा माग काढणारा माणूस. वय साठीच्या घरात, जन्म ऑस्ट्रेलियातला. तिथल्या रानातल्या, रेल्वे न पोचलेल्या सोन्याच्या गावांत त्यांची तरुणपणची वर्षं गेली होती. तिथं पाणी बिअरपेक्षा महाग. मग वाळू धुणार कशानं? आपले शेतकरी ज्वारी उफणतात तशी ही मंडळी माती वाऱ्यावर उफणत. हलकी माती उडून जाई, जड सोनं पायाशी पडे. संध्याकाळी जेवणानंतर साहेब या गावांच्या गोष्टी सांगत आणि मी त्या आमच्या मजुरांना मराठीत सांगे. एका खाणवाल्यानं पहिल्या सापडलेल्या सोन्याचा दात करून बसवला होता. पैशाची तंगी आली की तो दात काढून गहाण टाकी आणि त्या पैशांत जेवायला बसे; पण मग चावायला दात नसे. आमचा मुकादम दामा याला ही गोष्ट इतकी आवडली की त्यानं ती तीन वेळा सांगायला लावली.

साहेबांची दुसरी लाडकी गोष्ट एका बेकरीवाल्याची. त्यानं खाणीवर फेकून दिलेल्या दगडांची भट्टी बांधली. शहरातल्या तज्ज्ञांनी त्या दगडात सोनं नाही असं लेखी दिलेलं होतं. भट्टी तापली आणि एका सकाळी भिंतीला सोन्याचा घाम फुटला. गावानं पाव मिळायची वाट न बघता भट्टीच फोडून नेली. ही गोष्ट साहेब मुद्दाम सांगत. कारण तापीखोऱ्यातला खडक काळा, आणि काळ्या खडकात सोन्याची शीर नसते असं पुस्तकं म्हणतात. "पुस्तकं त्या तज्ज्ञांकडेही होती," साहेब म्हणत.

आणि खरंच, आल्यापासून दुसऱ्याच आठवड्यात कलर मिळाला.

कलर म्हणजे पॅनमध्ये दिसणारा सोन्याचा कण. पॅन म्हणजे उतरत्या काठाची लोखंडी परात. तीत वाळू आणि पाणी घेऊन गोल फिरवत राहायचं. हलकी वाळू काठावरून जाते, जड ते तळाशी राहतं. साहेबांच्या हातात ती परात अशी फिरे की दळण दळणाऱ्या बाईनंही बघत राहावं. तळाच्या काळ्या रेतीत पिवळा कण चमकला की साहेब तो पिसाच्या टोकानं उचलून काचेच्या नळीत टाकत.

पुढची रीत ठरलेली. सोनं जड असल्यामुळे नदीत फार लांब वाहत नाही. म्हणून जिथं कण मिळाला तिथून नदीच्या वरच्या अंगाला थोडं थोडं सरकत वाळू धुवायची. कण वाढत जातात आणि एका जागी एकदम थांबतात. जिथं थांबतात तिथं जवळपास खडकातली शीर असते. तिलाच रीफ म्हणतात. साहेब असेच सरकत गेले. कण वाढत गेले आणि घाटाच्या पायऱ्यांपाशी संपले. पायऱ्यांच्या वर एकही नाही. म्हणजे रीफ घाटाखाली. हिशेबात चूक नव्हती. घाटाच्या कडेला चाचणीचा खड्डा कुठं घ्यायचा, तिथं खुंटीही ठोकून झाली होती.

साहेबांच्या करारात एक कलम होतं. खाण उघडली तर तीत त्यांचा हिस्सा. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना सोनं शोधून दिलं होतं. हिस्सा कधी मिळाला नव्हता.

मी वाटेवर गेलो. गाढवांमधला माणूस पन्नाशीचा, डोक्यावर मखमली टोपी, दाढीला मेंदी, आवाज बाजार गाजवणारा. नाव रसूलभाई. राहणार नंदुरबारचा. गाढवांच्या पाठीवर गोणपाट, मडकी आणि एक मोठी लाकडी काठवट होती. मला बघून तो उठला नाही.

"हाई जागा मन्ही शे," तो अहिराणीत म्हणाला. "मन्हा बापनी व्हती, त्याना बापनी व्हती. तुमना साहेब कोठला झारेकरी शे ते माले माहीत नही. पन त्याले सांगा, दुसरानी वाळू धोवानी नही."

झारेकरी हा शब्द मला माहीत होता. सोनाराच्या दुकानात कानशीनं घासताना सोन्याचा चुरा उडतो, तो केरात जातो. तो केर विकत घेऊन, धुऊन, त्यातलं सोनं परत काढणारा तो झारेकरी. प्रत्येक सराफ बाजाराच्या मागल्या गल्लीत एखादं तरी झारेकऱ्याचं घर असतं.

साहेब झारेकरी नाहीत, प्रॉस्पेक्टर आहेत, असं मी त्याला सांगितलं.

"म्हंजे काय करतस?"

"वाळू धुऊन सोनं काढतात."

रसूलभाईनं एकदा गाढवांकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. "मंग बाबूसाहेब, मी काय सांगी ऱ्हायनू?"

मी तिथंच दगडावर बसलो आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. ते सरळ होतं. माणूस शेवटच्या घटका मोजू लागला की आपल्याकडे त्याच्या तोंडात तुळशीपत्र आणि सोन्याचा कण ठेवतात. गरीब असला तरी गुंजभर तुकडा कुठून तरी कातरून आणतात. प्रकाशाच्या संगमावर दूरदूरची माणसं राख आणि अस्थी घेऊन येतात. राखेबरोबर तो कण पाण्यात जातो. वर्षानुवर्षं, पिढ्यान् पिढ्या. पावसाळा संपून पाणी उतरलं की रसूलभाईचं घर नंदुरबारहून येतं आणि घाटाखालची वाळू धुतं. दिवाळीपासून होळीपर्यंत. घाटावरच्या उपाध्यांना यात हरकत नव्हती, गावाला नव्हती. यंदा त्याच्या घरी लग्न होतं म्हणून तो उशिरा आला, आणि बघतो तर त्याच्या वाळूत एक गोरा माणूस परात फिरवत होता.

मेलेल्या माणसाचं सोनं घ्यायला काही वाटत नाही का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तो रागावला नाही.

"मुडदानं नही लेतस, तापीमायनं लेतस," तो म्हणाला. "लोके तिले देतस, ती आम्हाले देस."

त्याच्या पोटाचा प्रश्न मला कळत होता. लीज म्हणजे सरकारकडून घेतलेला पट्टा. तो एकदा सिंडिकेटच्या नावावर झाला की तेवढ्या नदीपात्रातली मूठभर वाळू उचलणंसुद्धा चोरी. रसूलभाईचं अर्ध्या वर्षाचं काम एका कागदानं संपलं असतं.

परत येताना मी दामाला गाठलं. दामा जवळच्याच गावचा. राखेतल्या सोन्याचं त्याला माहीत होतं का? होतं. सगळ्या मजुरांना होतं. मग इतके दिवस बोलला का नाही?

"तुम्ही इचारं नही," दामा म्हणाला. "आम्हाले वाटनं, साहेबले माहीत शे. माहीत नसतं ते बरोबर आठेच कसाले येता?"

बरोबर इथंच कशाला आलो असतो, हा प्रश्न घेऊन मी साहेबांच्या तंबूकडे गेलो.

साहेबांना मी आडपडदा न ठेवता सांगितलं. ते मोठ्यांदा हसले. त्यांच्या खाणगावांत हे रोजचं होतं. एखाद्याला कलर मिळाला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी उगवे आणि ही जागा माझ्या बापाची म्हणून बसे. एकानं तर म्हणे तंबूत बायकोला आजारी म्हणून झोपवलं होतं, कुणी तिला उठवून खाली खणू नये म्हणून. गाढवं ही नवी युक्ती, एवढंच. पण साहेब हट्टी असले तरी कामात प्रामाणिक होते. मी एवढंच म्हटलं की तार दोन दिवसांनी गेली तरी नदी कुठं जाणार नाही. त्यांनी तारेचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्या माणसाला बोलवायला सांगितलं.

रसूलभाई एकटा आला नाही. बरोबर त्याची म्हातारी आई होती, नूरबी. सत्तरीच्या पुढची, अंगानं काटक, तोंडानं त्याहून. ती साहेबांशी बोललीच नाही. सरळ त्यांच्या पॅनपाशी गेली, पॅन उचललं, उलटं केलं, बोटानं वाजवलं आणि मुलाला म्हणाली, "तवा शे का काय हाऊ? रोट्या कोठे शेतस?"

साहेबांनी भाषांतर मागितलं. मी केलं. साहेबांनी दुसरं पॅन भरलं आणि धुवायला सुरुवात केली. म्हातारीनंही गाढवावरची काठवट उतरवली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन बसली. कुणी कुणाला आव्हान दिलं नव्हतं, पण मजूर कामं टाकून काठावर जमले. साहेबांचा हात गोल फिरत होता, म्हातारीचा पुढेमागे झुलत होता. दोघांच्या तळाशी जवळजवळ सारखीच काळी रेती उरली, दोघांच्याही रेतीत दोन-चार कण. मग साहेबांनी खिशातून पाऱ्याची बाटली काढली. बारीक सोनं पाऱ्याला चिकटतं, म्हणून आम्ही रेतीत पारा फिरवतो आणि मग तो चामड्यातून पिळून काढतो. म्हातारीनं कमरेच्या पिशवीतून छोटी कुपी काढली. तिच्यातही पारा होता. ती फडक्यातून पिळत असे, एवढाच फरक.

साहेबांनी तिची कुपी हातात घेतली, तिनं त्यांची. दोघंही एकमेकांच्या बाटल्या उजेडात धरून बघत राहिली. कॅम्प लागल्यापासून साहेबांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

"कारागीर शे," म्हातारी रसूलभाईला म्हणाली. "पन येडा शे."

मी पहिलं वाक्य साहेबांना सांगितलं. दुसरं सांगितलं नाही.

मग रसूलभाईनं कसोटीचा काळा दगड काढला आणि साहेबांच्या काचेच्या नळीतले मोठे कण मागून घेतले. कसोटीवर सोनं घासलं की रेघ उमटते आणि रेघेच्या रंगावरून सोन्याचा कस कळतो. एका जागच्या खडकातून आलेलं सोनं साधारण एका कसाचं असतं. इथं पाच रेघा पाच रंगांच्या उमटल्या. एक लग्नातल्या दागिन्यासारखी पिवळीधमक, एक तांबूस, एक फिकी, आणि शेवटची रसूलभाईनं बोटानंच पुसली. ते पितळ होतं. कुणीतरी बापाच्या शेवटच्या घासातही काटकसर केली होती.

साहेबांनी दगड उजेडात फिरवून रेघा पाहिल्या. मग म्हणाले की एकाच नदीत दोन-तीन रीफचं सोनं मिसळू शकतं. पितळेची रेघ त्यांनी हिशेबात धरली नाही. त्यांना खात्री हवी होती, आणि खात्री दुसऱ्याच्या दगडावर करून घेणारे ते नव्हते.

तेव्हा मी एक साधी गोष्ट सुचवली. रसूलभाईचं म्हणणं खरं असेल तर नदीला वरच्या अंगाला, जिथं घाट नाही, देऊळ नाही, पण स्मशान आहे, तिथंही कण मिळाले पाहिजेत. आणि स्मशानाच्या वर मिळता कामा नयेत. गाव साहेबांनी निवडावं. रसूलभाईनं इथंच थांबावं. वाळू साहेबांनी धुवावी.

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. चांगल्या लांबच्या अंतरावरचं गुजर शेतकऱ्यांचं गाव. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीनं निघालो. साहेब, मी आणि दामा. काठावर कापूस फुटलेला होता, केळीच्या बागा होत्या. नदी वळण घेते तिथं काळपट दगडांचं एक मोकळं ठिकाण दाखवून दामा म्हणाला, हे गावाचं स्मशान.

साहेब आधी त्याच्या वर गेले. पॅनमागून पॅन धुतलं. काळी रेती, बाकी काही नाही. मग ते स्मशानाच्या खाली आले. पहिल्याच पॅनमध्ये कण. पुढच्यात दोन. त्यांनी मला हाक मारली नाही. पॅन हातात धरून ते पाण्यात तसेच उभे राहिले. त्यातला एक कण बाजूला घेऊन त्यांनी भिंगातून पाहिला आणि भिंग माझ्याकडे दिलं. चपटा तुकडा होता. एक कड सरळ, कातरीनं कापलेली.

"खडकाला कातरी वापरता येत नाही," साहेब म्हणाले.

त्याच वेळी वरून माणसं उतरताना दिसली. दहा-बारा जण, सगळे अनवाणी, एकाच्या हातात फडक्यानं बांधलेलं मडकं. कालपरवाची चिता आम्ही येताना पाहिलीच नव्हती; ती दगडांच्या पलीकडे होती. राख सावडून ती मंडळी पाण्याकडे येत होती आणि त्यांच्या वाटेत आम्ही उभे होतो.

मी पुढं होऊन हात जोडले. मडकं घेतलेला माणूस माझ्याच वयाचा, डोकं नुकतंच भादरलेलं. बरोबरची माणसं त्याला मगनभाई म्हणत होती. गोरा माणूस परात घेऊन पाण्यात काय करतोय, हे त्यानं विचारलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. साहेब वाळूत सोनं शोधतात, असं मी सांगितलं. आता शिव्या पडतील, कदाचित दगडही, असं मला वाटलं. दामा दोन पावलं मागं सरकलेला मी पाहिला.

मगनभाईनं मडक्याकडे पाहिलं.

"बापना तोंडमा काल ठेयेल व्हतं, गुंजभर," तो शांतपणे म्हणाला. "आते नदीमा जाई. त्यानंतर ते आमनं नही. साहेबले घेवानं व्हई ते घेवो." मग थोडा थांबून म्हणाला, "पन आज ऱ्हावू द्या. बाप आजच जाई ऱ्हायना."

मी ते साहेबांना शब्दाला शब्द सांगितलं. साहेबांनी हॅट काढली. मग पॅनमधली रेती, कणांसकट, हळूच पाण्यात ओतली आणि काठाला येऊन बाजूला उभे राहिले. राख वाहून होईपर्यंत ते तसेच उभे होते. जाताना मगनभाईच्या माणसांनी आम्हाला त्यांच्या मळ्यात चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. सुतकाच्या घरचा चालत नाही म्हणून शेजाऱ्याकडून करवून आणला. साहेबांनी दोन कप घेतले.

 परतीच्या गाडीत त्यांनी खिशातली तार काढून फाडली आणि तुकडे मला दिले. कॅम्पचा केर माझ्या खात्यात येतो.

पण काम तिथं संपलं नाही. आधीच्या आठवड्याच्या रिपोर्टात कलर मिळाल्याचं आम्ही मुंबईला कळवून बसलो होतो, आणि तेवढ्यावर सिंडिकेटचे मोठे डायरेक्टर स्वतः निघाले. त्यांना सगळे शेठ म्हणत. नंदुरबार स्टेशनवर उतरून, मोटार करून, धुळीनं पांढरे होऊन ते कॅम्पवर पोचले. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी साहेबांना एकच प्रश्न केला.

"सोनं आहे की नाही?"

"आहे," साहेब म्हणाले.

"मग तार का नाही?"

साहेबांनी सगळं सांगितलं. शेठ मन लावून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी रुमालानं चश्मा पुसला. त्यांचं म्हणणं असं, की सोनं कुठून आलं हा प्रश्न पुराणिकाचा. वाळूत सोनं आहे आणि एका नावाजलेल्या प्रॉस्पेक्टरनं ते स्वतः धुऊन काढलं, एवढे दोनच मुद्दे रिपोर्टात यावेत. दोन्ही खरे. कंपनी शेअर बाजारात आणायला तेवढं पुरे. साहेबांचा हिस्सा करारात आहेच, तो वाढवताही येईल.

मला साहेबांची काळजी वाटली. साठीच्या माणसाला असं कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

साहेबांनी पाइप पेटवला. "शेठ, माझ्या गावी खाणीत सोनं नसताना 'आहे' म्हणून सही करणारे दोघं होते," ते म्हणाले. "एकाला लोकांनी गावाबाहेर काढलं. दुसऱ्याला गावातच ठेवलं. दुसऱ्याचे हाल जास्त झाले."

"म्हणजे सही नाही?"

"सही आहे. रिपोर्टात 'रीफ नाही' असं लिहून मग."

शेठ माझ्याकडे वळले. मी पगारी माणूस, माझं मत कुणी मागितलं नव्हतं. त्यांना खर्च विचारायचा होता. तो मी सांगितला. मग न विचारता एवढं जोडलं, की खड्ड्याची खुंटी घाटाच्या पायरीपासून हातभर अंतरावर आहे, आणि तिथं पहिली कुदळ पडली की सगळा तालुका काठ्या घेऊन येईल. त्या बंदोबस्ताचा खर्च अजून यादीत धरलेला नाही. शेठनी मान हलवली. हा मुद्दा त्यांना पटल्यासारखा दिसला.

शेवटी त्यांना तो झारेकरी बघायचा होता. रसूलभाई आला, सलाम करून उभा राहिला. या वाळूत वर्षाला सोनं निघतं तरी किती, असं शेठनी विचारलं.

"दोन घरना भाकरीपुरतं," रसूलभाई म्हणाला. "मन्हं आनि मन्हा भाऊनं. तिसरं घर ऊनं ते तिघे उपाशी."

ते सोनं विकतोस कुणाला, असंही शेठनी विचारलं. रसूलभाईनं नंदुरबारच्या ज्या सराफाचं नाव घेतलं, तो माल पाठवत असे मुंबईच्या एका पेढीला. त्या पेढीचं नाव ऐकून शेठनी डोळे मिटून घेतले. सिंडिकेटला तापीच्या सोन्याची बातमी देणारी पेढी तीच होती. रसूलभाईनं काढलेल्या सोन्याचा माग काढत आम्ही सगळे रसूलभाईच्याच दारात येऊन पोचलो होतो.

पहिल्यांदा हसले ते शेठ. व्यापारी माणूस, तोटा कुठं थांबवायचा ते त्यांना कळत होतं. म्हातारीच्या हातची बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन ते त्याच मोटारीनं स्टेशनला गेले. लीजचा अर्ज कधी झालाच नाही. त्याच दुपारी दामानं घाटाजवळची खुंटी उपटली.

कॅम्प आवरायला मला थोडे दिवस लागले. तेवढ्यात साहेब रोज सकाळी रसूलभाईच्या वाळूत जाऊन बसत, त्याच्या परवानगीनं. काठवट झुलवायला शिकत. जे मिळेल ते म्हातारीच्या कुपीत टाकत. बदल्यात त्यांनी तिला पॅन फिरवायला शिकवायचा प्रयत्न केला. तिनं दोन दिवस फिरवून बघितलं आणि खांदा दुखतो म्हणून परत दिलं. साहेबांना हिस्सा मिळाला नाही, पण पगार पुरा मिळाला आणि पुढच्याच वर्षी दक्षिणेत दुसरं काम. तिथंही मीच त्यांचा स्टोअरकीपर होतो.

त्यानंतर बरेच कॅम्प लावले. तंबू, दोर, पहारी, पारा, पीठ, रॉकेल ही यादी तीच राहिली. फक्त तिच्या आधी एक चौकशी वाढली. नदीकाठी उतरलो की गावात पहिल्यांदा विचारतो, इथं लोक पाण्यात काय सोडतात? पाण्यात काय सापडतं, हे त्यानंतर.